बायजीची सात पत्रं
लिहिणाऱ्या माणसाशी लग्न करू नये. केलंच, तर निदान अशी वेळ येऊ नये, की आपल्याच इको गाडीत मागच्या सीटवर बायको बसलीय, पुढच्या सीटवर तिने दोन वर्षं फसवलेला माणूस बसलाय, आणि आपण डहाणू रोड स्टेशनपासून रानशेतच्या पुढच्या पाड्यापर्यंत गाडी हाकतोय. माझ्यावर आली ती वेळ. पाऊण तासाचा रस्ता, आणि त्या पाऊण तासात तिने त्याला सांगायचं होतं की बाबा, तुझी आय मेली.

माझी बायको जयश्री आमच्या पाड्यात अंगणवाडी सेविका आहे. आश्रमशाळेत असल्यापासून लिहिते. पोरांची वजनं ज्या रजिस्टरात लिहायची, त्याच्या मागच्या पानांवर हिच्या गोष्टी. पर्यवेक्षिका मॅडमनी एकदा रजिस्टर उलटं उघडलं आणि विचारलं, "हा पोषण आहार आहे की कादंबरी?" मी पोट धरून हसलो होतो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दिवाळी अंकांना पाठवलेल्या गोष्टीही परत यायच्या, सोबत चिठ्ठी, भाषा पुस्तकी वाटते. चिठ्ठी आली की घरात आमटी करपायची. तिला असं वाटायचं की ह्यात माझाच काहीतरी हात आहे.

तुक्या आमच्यापासून तिसऱ्या घरातला. भात झोडून झालं की आमच्याकडचे बरेच जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, तसा तोही जायचा. पण त्या वर्षी तो भांडून गेला. पाड्यातल्या एका लग्नात पिऊन आला होता, तमाशा केला, तेव्हा त्याच्या आयने, बायजीने, त्याचं ताट अंगणात भिरकावलं आणि सगळ्या पाड्यासमोर सांगितलं, परत तोंड दाखवू नको. हा गेला तो गेलाच. बोट हद्द ओलांडून पलीकडे गेली, तिकडच्यांनी बोटीसकट धरलं आणि तुक्या कराचीच्या तुरुंगात. चार वर्षं.

मग पत्रं सुरू झाली. तीन-चार महिन्यांनी एका संस्थेचा माणूस यायचा, पत्रं घेऊन जायचा. तुक्याची बायको हिरी, तिला लिहिता येत नाही. बायजीला तर नाहीच. मग दोघी आमच्या पडवीत येऊन बसायच्या. हिरी गप्प. बायजी एक पाय लांब करायची, दुखऱ्या गुडघ्यावर हात फिरवत तीन वाक्यं बोलायची आणि उठायची. जयश्री त्या तीन वाक्यांचं पानभर करायची.

मी एकदा ते पान वाचलं. त्यात म्हातारी संध्याकाळी बांधावर उभी राहून वाऱ्याला मुलाची खबर विचारत होती.

"बायजीने हे सांगितलं?" मी म्हटलं.

"भाव तोच आहे."

"कुठला भाव? ती वाऱ्याला विचारेल? ती वाऱ्याला शिव्या देते, झोपडीवरचं पान उडवतो म्हणून."

"तुला कळत नाही त्यातलं. तू गाडी चालव."

मी चालवली गाडी. माझं काय जातं?

चार पत्रं झाली आणि बायजी गेली. भादव्यात ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. आमच्यात मोठा मुलगा असल्याशिवाय दिवस घालायचे नाहीत असं तिच्या भावकीने ठरवलं. तो येईल तेव्हा भगत बसेल, विधी होतील, तोवर ठेवायचं तसंच. पुढचं पत्र लिहायची वेळ आली तेव्हा हिरी एकटीच आली. खाली बघत म्हणाली, "बाई, त्याला कळवू नको."

तिचंही चुकलं नव्हतं. पलीकडच्या पाड्यातला एक जण त्याच तुरुंगात होता. त्याला बाप गेल्याचं पत्रातून कळलं, तर त्याने खाणंच सोडलं. सोबतच्यांनी त्याला पोरासारखं भरवून जगवलं. तुक्याचं तसं झालं तर? आणि हिरी आणखी एक बोलली. म्हणाली, "दिवस कुठं झालेत अजून? दिवस होत नाहीत तोवर म्हातारी घरातच आहे. मग खोटं काय त्यात?"

बाहेरच्या माणसाला हसू येईल. आम्हाला तिघांनाही ते पटलं. मलाही पटलं, उगाच सगळं बायकोवर ढकलत नाही.

जयश्री त्या दुपारी लिहायला बसली आणि एकही शब्द न खोडता तिने अख्खं पत्र काढलं. तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पुढचं पत्र तसंच. मग ती गोष्टीही तशाच लिहायला लागली, म्हातारीच्या तोंडून. आणि काय सांगू, त्या परत येईनात. एका संपादकाने लिहिलं, हा आवाज अस्सल आहे. पाठोपाठ प्रकाशकाचं पत्र आलं, नऊ गोष्टींचं पुस्तक काढू. प्रूफं घरी येऊन पडली. ते पुस्तक तिने नंतर परत मागवलं आणि वर्षभर नव्याने लिहीत बसली, पण तेव्हा आम्हाला काय ठाऊक. तेव्हा ती हवेत होती.

सहावं पत्र, सातवं, आठवं. एकदा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आता सांगून टाक त्याला. तू हे तुक्यासाठी करत नाहीस. तू त्या म्हातारीला तुझ्यासाठी जिवंत ठेवलंयस."

मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "हो. मला तिला सोडवत नाही. लिहायला बसले की तीच बोलते. ती गेली तर मी परत पुस्तकी."

मी गाडी धुवायला गेलो.

अकरावं पत्र गेलं, आणि महिन्याभरात फोन आला की तुक्या सुटला, रविवारी दुपारच्या गाडीने सुरतवरून येतोय. पाड्यात आनंद झाला. हिरी धावत आमच्याकडे आली. "तू लिहिलंस, तूच सांग," ती जयश्रीला म्हणाली. "आणि पाड्यात यायच्या आधी सांग. बाया जमणार आहेत."

हे बायांचं काय, ते सांगतो. घरात कुणी गेलं आणि जवळचं माणूस नंतर पहिल्यांदा दारात आलं, की त्याला बघताच बाया गळा काढतात. मग वर्ष झालेलं असो की दोन. ते चुकत नाही, कुणी थांबवूही शकत नाही. म्हणजे तुक्या गाडीतून उतरणार, आय दिसेल म्हणून दाराकडे बघणार, आणि पंधरा बाया एकदम रडायला लागणार. असं कळू द्यायचं त्याला? हिरीला मी म्हटलं, तू चल स्टेशनला. ती म्हणाली, "मी समोर आले तर माझ्या तोंडावरूनच कळेल. मला नाही जमायचं." जयश्री म्हणाली, मी सांगते. शब्द तिचा धंदा ना.

स्टेशनवर तो उतरला तेव्हा मी ओळखलंच नाही. केस पिकलेले, अंग निम्मं. हातात कापडी पिशवी. माझ्या गळ्यात पडला, जयश्रीला वाकून नमस्कार केला. "बाई, तुमच्या अक्षरावर जगलो," म्हणाला. आणि पुढचं वाक्य, "आय कशी आहे?"

मी जयश्रीकडे बघितलं. ती म्हणाली, "आधी गाडीत बस. ऊन किती आहे."

मसोली मागे पडली. तुक्या पुढे माझ्या शेजारी, ती मागे. आरशात मला तिचं तोंड दिसत होतं. ओठ हलायचे, बंद व्हायचे. तुक्या एकटाच बोलत होता. हे दुकान नवीन, तो रस्ता केवढा रुंद झाला. मग त्याने पिशवीतून एक बटवा काढला, बारीक मण्यांचा, निळा-पांढरा. तुरुंगात बसून विणला होता. "आयच्या तंबाखूला," म्हणाला. "चार महिने लागले. मणी संपले की थांबायचं, कुणी आणून दिले की परत."

आरशातलं तोंड पांढरं पडलं. मी गिअर उगाच जोरात टाकला.

आशागडला मी चहाला गाडी थांबवली. खरं तर तिला वेळ मिळावा म्हणून. चहा पिताना तुक्या पत्रांचंच बोलत होता. त्याला वाचता येत नाही, पण धाकट्या डहाणूचा एक जण होता त्याच्या बराकीत, नववी शिकलेला, तो मोठ्याने वाचायचा. आधी मराठीत आणि मग गुजरातवाल्यांसाठी गुजरातीत. वीस जण गोल करून ऐकायचे. "ते म्हणायचे, तुझी आय बोलते तशी आमची कुणाची बोलत नाही. मलाच कळायचं नाही, मिथुन, आय इतकी गोड कधी झाली? मला तर शिव्याच ठाऊक."

जयश्रीने चहा अर्धा टाकला आणि गाडीत जाऊन बसली. इतकी पानं काळी केली ह्या बाईने, आणि तीन शब्द निघेनात. माझा संताप संताप झाला. पण मलाही काही ते निघाले नाहीत, हे पण खरं.

पुन्हा रस्ता. हिरीचा फोन आला. "कुठवर आलात? सांगितलं का? बाया येऊन बसल्यात." मी "हां हां" म्हणून ठेवला. तुक्याने विचारलं, "हिरी? आयला दे म्हणावं." मी म्हटलं, रेंज गेली.

रानशेत पाच मिनिटांवर आलं. त्याच्या पुढे पाडा दहा मिनिटं. मी आरशात बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. म्हटलं बस झालं. कडेला एका सादड्याच्या झाडाखाली गाडी घेतली, इंजिन बंद केलं. "गाडी गरम झालीय," मी म्हटलं. "दहा मिनिटं लागतील. जयश्री, दहा मिनिटं."

मी बॉनेट उघडून उगाच आत बघत उभा राहिलो. मागचं दार सरकल्याचा आवाज आला. ती उतरली, पुढे आली, तुक्याच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "तुक्या, बायजी गेली."

तो हसतच होता अजून. "कुठे गेली?"

"वारली. दोन वर्षं झाली. भादव्यात."

मग तुक्याने बोटांवर मोजलं. मला दिसत होतं तो काय मोजतोय ते. त्याने पिशवीत हात घातला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा काढला. "मग ही?"

"मी लिहिली."

मी बॉनेट सोडून पुढे झालो. वाटलं, आता हा हात उचलेल, आणि उचलला तर मी आडवा होईन, पण त्याला चूकही म्हणणार नाही. त्याने हात उचलला नाही. गठ्ठा तिच्यापुढे धरला. "आयची काढून दे. वेगळी."

तिने तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून पत्रं लावली. चार एकीकडे, सात एकीकडे. सातांचा गठ्ठा किती जाड दिसत होता.

तुक्या म्हणाला, "एक आहे त्यात. 'तू रागाने गेलास, पण माझ्या मनात काही नाही.' ते कुठल्यात आहे?"

सगळं ह्यावरच होतं, हे मला तेव्हा कळलं. दोन-अडीच वर्षं तो त्या एका ओळीवर उभा होता. आयने ताट फेकलं होतं, तोंड दाखवू नको म्हणाली होती, आणि आता ती नव्हतीच. ती ओळ आयची नसेल, तर ते भांडण कधी मिटणारच नव्हतं.

"चौथ्यात," जयश्री म्हणाली. "बायजी होती तेव्हा."

तुक्याने श्वास सोडला. डोळे मिटले. मी मनात म्हटलं, देवा, आता हिला इथेच गप्प बसव. आयुष्यभर पानापानाला खोटं लिहिलं हिने, आता फक्त गप्प बसू दे, तेवढं एक खोटं राहू दे.

ती गप्प बसली नाही. "पण ते तिने सांगितलं नव्हतं," म्हणाली. "ते मी घातलं."

इतका राग मला तिचा कधी आला नव्हता. तुक्या तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "मग तिने काय सांगितलं होतं?"

"पाय दुखतो म्हणाली." जयश्रीचा आवाज फाटला होता. "हिरीच्या बापाने तुझी कोयती नेली, ती परत देत नाही म्हणाली. आणि बोंबलाचं."

"बोंबलाचं काय?"

"दर बाजाराला धाकट्या डहाणूची बाई सुकी मासळी घेऊन यायची. तिच्याकडून बायजी सुक्या बोंबलांची जुडी घ्यायची, तुझ्या वाटणीची. चुलीवर टांगून ठेवायची. हिरीला हात लावू देत नव्हती, तुझ्या पोरीला देत नव्हती. त्यात किडे झाले की फेकायची आणि पुढच्या बाजाराला नवी आणायची. मला म्हणाली, 'लिही त्याला, बोंबील टांगलेत म्हणावं. ये.' दर वेळी म्हणायची. चारही वेळा."

"मला कुणी वाचून दाखवलं नाही ते."

"मी लिहिलंच नाही."

"का?"

"मला ते लिहिण्यासारखं वाटलं नाही." ती आता रस्त्याकडे बघत बोलत होती. "पत्र चांगलं दिसेना. मी ते काढलं आणि तिथे वारा घातला."

हे मलाही पहिल्यांदाच कळत होतं. दोन वर्षं मी त्या सात पत्रांवरून तिला बोलत होतो. सात पत्रं एकीकडे राहू द्या, ह्या चारांत तिने काय केलं होतं! मी बॉनेट लावलं, परत उघडलं.

तुक्या गाडीतून उतरला, झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला आणि रडला. मोठ्याने, तोंड न झाकता. मी पाठीवर हात ठेवायला गेलो, पण त्याने मान हलवली. बरंच रडून झाल्यावर तोंड पुसलं, चौथं पत्र उचललं, पालथं करून जयश्रीसमोर धरलं. मागची बाजू कोरी होती.

"लिही," म्हणाला. "ती बोलली तसंच. तुझं काही घालू नको."

तिने पेन काढलं. पत्र गुडघ्यावर ठेवलं. आणि लिहीना. पेन टेकवायची, उचलायची. एक शब्द लिहिला, थांबली, "टांगलेत म्हणाली की लटकवलेत?" असं स्वतःशीच पुटपुटली, डोळे मिटून बसली. तुक्या समोर बसून तिच्या हाताकडे बघत होता, जणू त्याला वाचता येतं. हिरीचे तीन फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही. सात पत्रं सरसर लिहिणाऱ्या माझ्या बायकोला त्या चार ओळींना अर्धा तास लागला.

मग तिने वाचलं. "पाय दुखतो. कोयती नेली हिरीच्या बापाने, देत नाही, तू आल्यावर माग. बोंबील टांगलेत. ये."

तुक्याने ऐकलं. "पुन्हा," म्हणाला. तिने पुन्हा वाचलं. त्याने मान डोलावली. "आयच आहे."

ती चार पत्रं त्याने घडी घालून शर्टाच्या आत ठेवली. सातांचा गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. "ही माझ्या आयची नाहीत. पण फाडू नको, बाई. वीस जणांनी ऐकलीत." मग माझ्याकडे वळला. "चल मिथुन."

पाड्यावर गाडी शिरली तेव्हा बाया दारात बसल्याच होत्या. तुक्या उतरला, ताठ चालत गेला, आणि त्यांनी गळा काढला. हिरी मधोमध होती. तो तिच्याजवळ जाऊन खाली बसला. त्याला ठाऊक होतं सगळं, त्यामुळे तो नीट रडू शकला.

जयश्री गाडीतच होती. मी म्हटलं, चल, उतर, लोक बघतायत. ती उतरली, सीटवर गठ्ठा तसाच टाकून बायांच्या कडेला जाऊन बसली आणि अशी ओरडून रडली की बाकीच्या गप्प होऊन तिच्याकडे बघायला लागल्या. बायजी गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, मला चांगलं आठवतं. तेव्हा ती घरी येऊन लिहायला बसली होती. पाड्याने म्हातारीला दोन वर्षांपूर्वी जाळलं, माझ्या बायकोसाठी ती त्या रविवारी दुपारी मेली.